कडेवर घ्या म्हणे!

आज सकाळी शाळेजवळच्या वळणावर पुन्हा नवा चर. काल संध्याकाळी नव्हता. सिमेंट रोड कापलेला, पाइप टाकलेला, वर नुसती माती लोटलेली, आणि त्यात लेकीच्या बाबागाडीचं पुढचं चाक फसलेलं. जेसीबीजवळ उभ्या कंत्राटदाराच्या माणसाला म्हटलं, दादा, माती दाबून तरी घ्या. तर म्हणतो, "लेकराले कडेवर घ्या ना वहिनी, खेड्यात कायले गाडी-फाडी आणता?"

स्वयंपाक झाला, लेक झोपली, तरी डोक्यातून जात नाही. म्हणून लिहिते.

दीड वर्षाचं लेकरू, दहा-अकरा किलो वजन. सिझेरियन झालेल्या बाईनं ते कडेवर घेऊन गावाबाहेरपर्यंत चालायचं? आणि सांगतो कोण, तर ज्यानं स्वतःचं लेकरू कधी पानठेल्यापर्यंतसुद्धा नेलं नसेल. कडेवर घेणं बाईकडे आणि रस्ता कोणाकडे? ट्रॅक्टरकडे, रेतीच्या टिप्परकडे, संत्र्याचे कॅरेट लादलेल्या पिकअपकडे.

पाइपलाइन नको असं मी म्हणत नाही. आमच्या वरुड-मोर्शीकडे बोअर कुठवर खाली गेले ते सगळ्यांना माहीत आहे. घरोघरी नळ देणाऱ्या सरकारच्या जलजीवन योजनेचे रोजचे माणशी ५५ लिटर खरंच नळाला आले तर सोनंच. पण पाइप पुरल्यावर माती दाबायची, काँक्रीट भरायचं, रस्ता होता तसा करायचा, हे काम नेमकं राहतं कसं? पहिल्या पावसात चर खचतो आणि सायकलवर शाळेत निघालेल्या पोरी तिथे आपटतात. त्यांनाही कडेवर घ्यायचं का?

मला तर आधीपासून रोजच विचारतात, "कुठी चालली वं?" दळणाला नाही, दवाखान्यात नाही, वावरात नाही. फिरायला चालली. लेकीला घेऊन, मोकळ्या हवेत. पानठेल्यावर तास-तास उभ्या माणसांना कोणी विचारलंय, घरी काम नाही का म्हणून?

लेकरं गाडीत बसून आळशी होतात, असंही ऐकवतात. बरं, सलग तासाभरापेक्षा जास्त बांधून बसवू नये हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण देवळापाशी मी तिला उतरवतेच. ओट्याला धरून ती चालते, पडते, उठते.

आणि सध्या संत्र्याचा अंबिया बहार, म्हणजे फुलोरा, आहे हो! सकाळी बागांच्या कडेनं गेलं की फुलांचा वास अंगावर येतो. लेक हात बाहेर काढून "हम्मा, हम्मा" करत सगळ्या गोठ्यांना हाका मारते. शेजारच्या आजी आधी हसायच्या, "काऊन वं, लेकीले पाय नाई का?" म्हणायच्या. आता गाडीचा दांडा धरून त्याच सोबत येतात. त्यांचे गुडघे दुखतात, दांड्याचा आधार होतो. आज चरापाशी आजी थांबल्या आणि मागे फिरल्या. मला राग त्याचा जास्त आला.

गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. गावात पाय ठेवला की आधी हातात खराटा घेऊन रस्ता झाडायचे. दर २० डिसेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीला, आपण खराटे घेऊन फोटो काढतो. त्याच रस्त्यावर मातीचे ढीग टाकून माणूस निघून जातो आणि वर बाईलाच शिकवतो, कडेवर घ्या!

रस्ते, नाल्या ही कामं १९५८ च्या कायद्यानं ग्रामपंचायतीची. ग्रामसभेच्या आधी महिला सभाही घ्यायची असते. आमच्याकडे ती रजिस्टरवर सह्या घेण्यापुरती होते, चहा होतो, बायका घरी. १ मेच्या ग्रामसभेच्या वेळी मी सही आधी करणार नाही. या कामाचं अंदाजपत्रक मागणार, रस्ता पूर्ववत करायला त्यात किती रक्कम धरली ते सगळ्यांसमोर वाचायला लावणार, आणि तोवर बिल काढू नका असा ठराव मांडणार. गावातल्या ज्या मैत्रिणी हे वाचताय त्यांनी या, लेकरं घेऊन या. सासूबाईंनाही आणा.