सगळ्यांनी वाढा, एकट्यानं उतरवा

लठ्ठपणा टाळायचा कसा, हे सांगणारे हल्ली पायलीला पन्नास मिळतात. तो नीट, शिस्तीत, पिढीजात पद्धतीनं आणायचा कसा, याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. आमच्या घराण्यात या कामाची तीन पिढ्यांची परंपरा आहे आणि गेल्या दहा वर्षांत माझा पट्टा चार भोकं पुढे सरकला आहे. तेव्हा हा अधिकार माझा.

सुरुवात भाषेपासून करा. मराठीत वजन वाढत नाही, तब्येत सुधारते. चार किलोंनी फुगलेला माणूस दिसला की ‘तब्येत सुधारली हं!’ म्हणायचं आणि दोन किलोंनी उतरलेला दिसला की आवाज खाली आणून ‘सगळं बरंय ना?’ विचारायचं. बाळ गुटगुटीत असतं, मुलगा खात्यापित्या घरचा असतो आणि त्याचे वडील हाडापेरानं मोठे असतात. (सांगाड्याचं वजन शरीराच्या साधारण १५ टक्के भरतं म्हणे. पण पंचाण्णव किलोंतली ऐंशी किलो नुसती हाडंच असलेले गृहस्थ आमच्या सोसायटीत तीन आहेत.)

आता बाळाकडे वळू. कारण इमारतीचा पाया पक्का असेल तरच वर मजले चढतात. पोट भरलं की बाळ तोंड फिरवतं. ही निसर्गानं दिलेली खोड आहे आणि ती पहिल्या दोन वर्षांत मोडली नाही तर पुढे फार जड जातं. मूल भूक लागली की खातं, भागली की थांबतं आणि जन्मभर तसंच राहतं. म्हणून तोंड फिरवलं की चमचाही त्याच बाजूला फिरवा. एक घास चिऊचा, एक घास काऊचा. चिऊ आणि काऊ दोघंही आपल्या बिल्डिंगकडे फिरकेनासे झालेत, त्यामुळे त्यांच्या वाटणीचे घासही बाळालाच. तरीही ऐकेना तर समोर मोबाइल उभा करा. बाळ पडद्यात गेलं की जबडा आपोआप उघडतो आणि आत काय नि किती गेलं याचा त्याला पत्ता लागत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगून ठेवलंय. पण ती संघटना काही आपल्याकडे नातवाला भरवायला येत नाही.

थोडं मोठं झालं की दुधात पावडर घाला. कसली ते विचारू नका, डब्यावर उंच उडी मारणारा मुलगा असला की पुरे. अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या रकान्यातून काढा, असं केंद्र सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं. त्यांनी रकाना बदलला असेल, आपण चमचा कशाला बदलायचा? ‘बाहेरचं गार पेय नको’ म्हणून हट्ट करणाऱ्या बायकांना पाव लिटरच्या बाटलीत पाचेक चमचे साखर असते हे बरोबर ठाऊक असतं. त्यांच्यासाठी खोक्यातला फळांचा रस आहे. साखर तिथेही असते, पण खोक्यावर आंब्याचं चित्र असतं.

शाळेचा हातभार मोठा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. याचा अर्थ मुलाला वेफर्ससाठी नव्वदेक पावलं चालावं लागतं, आणि दिवसभरातला त्याचा व्यायाम तो एवढाच, कारण पीटीचा तास गणिताच्या बाईंनी पोर्शन राहिलाय म्हणून घेतलेला असतो. मुलांनी रोज तासभर धावपळ करावी, असं डॉक्टर सांगतात. शाळेतून आल्यावर करेल, म्हणाल तर चार ते सहा क्लास आणि सोसायटीच्या आवारात पाटी: ‘येथे क्रिकेट खेळू नये, गाड्यांना बॉल लागतो.’ पाटी कमिटीनं लावली आहे. कमिटीत मी आहे.

मधल्या काळात शरीर काही निरोप पाठवतं, त्यांनी बिचकू नका. मुलाच्या मानेवर काळसर, मखमलीसारखा पट्टा दिसू लागला तर तो मळ आहे असं ठरवून टाका आणि डाळीच्या पिठानं घासा. इन्सुलिन शरीराला जुमानेनासं झाल्याची ती खूण असू शकते, असं बालरोगतज्ज्ञ म्हणतील; पण आजी दर रविवारी घासते आहे आणि आजीनं एवढी वर्षं किती माना घासल्या त्याचा काही हिशेब? मूल रात्री मोठमोठ्यानं घोरत असेल तर ‘दमतो हो बिचारा, गाढ झोपतो’ असं कौतुकानं सांगा. तो दिवसा वर्गात पेंगतो, ते शाळा कंटाळवाणी म्हणून.

मोठ्यांपैकी जे सडपातळ आहेत त्यांनी हा लेख इथे सोडायचं कारण नाही. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या माणसाच्या अंगात २१.२ टक्के! गोऱ्यांना दुपटीहून जास्त फरकानं मागे टाकल्याचं असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. दंड काडीसारखे, गाल बसलेले आणि शर्टाच्या तिसऱ्या बटणापासून पुढे भरभराट, ही आपली खासियत. म्हणून आपल्यासाठी काटाही वेगळा लावतात: बीएमआय २३ ला जादा वजन, २५ ला लठ्ठपणा, कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या. कंबर मोजायची झालीच तर पँटच्या नंबरावरून मोजा. पँट पोटाच्या खाली बांधली की तो नंबर कॉलेजपासून बदलत नाही.

उपचार फार सोपे. मुलगा बारा वर्षांचा झाला, मागच्या बाकावरून त्याला ‘ट्रक’ म्हणून हाक येऊ लागली आणि गणपतीला आलेल्या कुणा मावशीनं ‘अगं, याचं काहीतरी करा’ म्हटलं, की जागे व्हायचं. इतकी वर्षं ज्यात सगळ्या घराचा वाटा होता तो प्रकार त्या संध्याकाळपासून त्याचा एकट्याचा होतो, हे तत्त्व पक्कं धरा. फ्रिजवर त्याच्या नावाचा तक्ता लोहचुंबकानं लावा. तक्त्यात काकडी. फ्रिजमध्ये बासुंदी. त्याला वेगळी वाटी, वेगळी पोळी, बिनतेलाची. बाकीच्यांनी त्याच टेबलावर पनीर चिली खायचं आणि त्यानं हात पुढे केला की चौघांनी एका सुरात म्हणायचं, ‘तुझं डाएट आहे ना?’

डॉक्टरांकडे न्यायला हरकत नाही, पण तेही कधीकधी भलतेच निघतात. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांनी मुलाकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, ‘घरात माणसं किती? महिन्याला तेल किती लागतं? रात्री जेवता किती वाजता? तुम्ही शेवटचं मुलाबरोबर खेळलात कधी?’ म्हटलं, डॉक्टर, पेशंट हा आहे. तर म्हणाले, वाढत्या मुलाचं वजन घाईनं खाली ओढायचं नसतं, बऱ्याचदा आहे तिथे धरून ठेवलं तरी वाढणारी उंची आपलं काम करते. मात्र स्वयंपाक सगळ्यांचा एकच करा आणि टीव्हीसमोरचं ताट उचला. दिवाळीच्या फोटोला सहा आठवडे उरले होते. इतका संथ इलाज आणि वर आमच्याच ताटाला हात! फी दिली आणि डॉक्टर बदलले.

तुमचं स्वतःचं वजन असेल तर जानेवारीत जिमचं वर्षभराचं पॅकेज घ्या. वर्षाचं घेतलं की महिन्याला स्वस्त पडतं, आणि न जाण्याचा खर्चही त्याच प्रमाणात कमी होतो. सकाळी टेकडीवर जा. अर्धा तास चालून जे सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात त्या खाली उतरताच वडापावच्या गाडीवर व्याजासकट भरून घ्या. गुरुवारी उपवास करा. साबुदाणा, बटाटा, दाणे आणि तूप यांच्याखेरीज कशालाही स्पर्श करू नका. शेवटी इंजेक्शनं आहेतच. मौंजारो आणि वेगोव्ही २०२५ साली आपल्याकडे आली, आठवड्याला एक टोचायचं. वजन उतरतं, खोटं नाही. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी ती मोठीच गोष्ट आहे. पण त्यांच्यासोबत खाणंही बदलावं लागतं आणि बंद केली की बऱ्याच जणांचं वजन परत येतं, हे बारीक अक्षरातलं कशाला वाचायचं? व्हॉट्सअ‍ॅपवर मेहुण्याला विचारा, त्याच्या ओळखीत मिळतं.

आणि एवढं करूनही मुलगा खरंच उतरू लागला तर? होतं असं एखाद्या घरी. आमच्याकडे झालं. पोरानं कुणाला न सांगता सायकल काढली, आणि चार महिन्यांत शर्ट सैल. अशा वेळी हातपाय गाळू नका. होळीला सगळ्यांना जेवायला बोलवा. ‘केवढा वाळलाय! आईचं लक्ष नाही का?’ एवढं एक वाक्य आत्याकडून येऊ द्या, पुढचं आपोआप होतं. तिसरी पुरणपोळी घेऊन पानाजवळ गेलात की तो ‘नको’ म्हणेल. दोन्ही हात ताटावर आडवे धरेल. थांबायचं नाही. तुपाची धार बोटांच्या फटीतून बरोबर खाली जाते. आमच्या आईचा अजून एक थेंब बाहेर सांडलेला नाही.