बकरी मेली हे खरं, पण रानकुत्र्यानंच मारली कशावरून?

गेल्या काही दिवसांत नागझिरा जंगलाच्या कडेच्या आमच्या गावांत एक मेसेज ग्रुपमागून ग्रुप फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "सावधान! वनखात्यानं सोडलेले रानकुत्रे गावात शिरू लागले आहेत. एका रात्रीत आठ-दहा बकऱ्या फाडतात, खात नाहीत, नुसती मौज म्हणून मारतात. गावकुत्र्यांशी संकर होऊन नवीनच जात तयार झाली आहे. सुप्रीम कोर्टानं कुत्रे मारायची मुभा दिली आहे. मेलेल्या बकरीवर थायमेट टाकून ठेवा, कळप साफ होईल." सोबत तांबड्या जनावरांचा फोटो. त्या फोटोत खाली जे पडलंय त्याच्या पाठीवर पांढरे ठिपके आहेत. ते चितळ आहे, बकरी नव्हे. पण एवढं झूम करून बघतो कोण!

माझ्याही घरी बकऱ्या आहेत, त्यामुळं मेसेज टाकणाऱ्यांना हसायचं नाही. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि शेवटचं, थायमेट या विषाबद्दलचं वाक्य जीव घेणारं आहे.

आधी ते "खात नाहीत, मौज म्हणून मारतात". खरं तर याच वाक्यानं मेसेजचं बिंग फुटतं. रानकुत्रा, म्हणजे ढोल किंवा आपले जुने लोक म्हणतात तो कोळसुंदा, मुख्यतः दिवसा शिकार करतो, सकाळी आणि दिवस कलल्यावर. शिकार पडली की कळप लगेच खायला लागतो. लचके तोडत बघता बघता जनावर फस्त करतो, मागं पोटाची पिशवी, हाडं आणि कातडं तेवढं उरतं. जनावर जिवंत असतानाच खायला सुरुवात करतो म्हणून तो लोकांना क्रूर वाटतो, ते ठीक. पण रात्री कोठ्यात शिरून आठ बकऱ्या मारायच्या आणि एकीलाही तोंड न लावता निघून जायचं, ही त्याची रीतच नाही. ही रीत मोकाट गावकुत्र्यांची. कोंडलेल्या बकऱ्या सैरावैरा पळायला लागल्या की त्यांना चेव चढतो. जे हललं त्याला चावायचं, ते पडलं की दुसऱ्याकडं.

पोळा झाल्यावर आठवड्याभरानं शेजारच्या काकांच्या कोठ्यात हेच घडलं. पहाटे चारला आरडाओरड ऐकून आम्ही धावलो. तुराट्यांचा कुड एका कोपऱ्यात खालून उकरलेला होता. पाच बकऱ्या मेल्या होत्या, एक धापा टाकत पडली होती. कान फाटलेले, मागच्या मांड्या चावून चावून लोंबलेल्या, मांस मात्र जिथल्या तिथं. सकाळी वनखात्याचे बीट गार्ड आले. काका म्हणाले, "रानकुत्रेच होते ना जी?" गार्ड काही बोलले नाहीत. त्यांनी कुडाच्या काटकीत अडकलेला केसांचा पुंजका काढून काकांच्या तळहातावर ठेवला. काळे-पांढरे केस. रानकुत्रा अंगानं तांबूस असतो, शेपटी तेवढी काळी झुपकेदार. फाट्यावरच्या चिकनच्या दुकानामागं पडून असणारी काळी-पांढरी कुत्री कोणती, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. बोललं कोणी नाही.

का बोललं नाही, तेही सांगतो. वन्यप्राण्यानं बकरी किंवा मेंढी मारली तर राज्य सरकारच्या २०२२ च्या निर्णयाप्रमाणं बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. गाय, म्हैस, बैल असेल तर हीच मर्यादा ७०,००० रुपये. मोकाट कुत्र्यानं मारली तर वनखात्याकडून एक पैसा नाही, कारण तो वन्यप्राणीच नाही. पाच बकऱ्या गेलेला माणूस "लिहा जी रानकुत्रे" असं का म्हणतो, ते यातून समजावं. मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. नुकसान तेच, रडणं तेच, फक्त मारणाऱ्याची जात बदलली की भरपाई शून्य. माझ्या मते हा मेसेज इतका फिरतो त्याचं मूळ इथं आहे, आणि बोंब मारायचीच असेल तर या मुद्द्यावर मारायला हवी.

रानकुत्रे बकऱ्या मारतच नाहीत, असंही माझं म्हणणं नाही. जंगलाच्या कडेला चरणारी बकरी, कळपामागं राहिलेलं वासरू त्यांच्या तावडीत सापडतं, आणि ते बहुधा दिवसाढवळ्या, गायकीच्या, म्हणजे गुराख्याच्या, डोळ्यांदेखत. तसं झालं तर मेलेलं जनावर हलवू नका, ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या. १९२६ या हेल्पलाइनवरही सांगता येतं. जनावर आधी पुरलं आणि मग अर्ज केला, म्हणून हक्काचे पैसे बुडालेले लोक मी पाहिलेत.

"वनखात्यानं सोडलेले" ही भानगड कुठून आली असावी, याचा अंदाज करता येतो. मे २०२३ मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून सोडल्या होत्या. त्या वाघिणींचे सांगोवांगी रानकुत्रे झाले. रानकुत्रे सोडायची गरज काय? ते इथलेच. इंग्रजांच्या काळात त्यांना मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, म्हणजे तेव्हाही होतेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते संरक्षित झाले. आज जगात त्यांची गणना धोक्यात आलेल्या प्रजातींत होते.

संकराचं लवकर उरकतो. लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होतो, पुण्याजवळ तो जनुकीय तपासणीत सापडलाही आहे. ढोलची गोष्ट वेगळी. त्याचा वंशच वेगळा, कुत्र्याला खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला तीन दाढा, याला दोनच, आणि तो भुंकत नाही, शीळ घातल्यासारखा आवाज काढतो. गावकुत्र्यांकडून ढोलला मिळतं ते रोग, डिस्टेंपर आणि पार्व्हो.

सुप्रीम कोर्टानं मारायची मुभा कुठंही दिलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आधी दिल्लीतले मोकाट कुत्रे निवाऱ्यांत हलवायला सांगितलं, मग त्याच महिन्यात तो आदेश बदलून नसबंदी आणि लसीकरण करून जिथून उचलले तिथंच सोडायला सांगितलं, पिसाळलेले आणि आक्रमक तेवढे वगळून. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा ठिकाणांहून हटवायचा आदेश आला. यात "मारा" हा शब्द कुठं दिसला असेल तो त्या मेसेजवाल्यालाच.

आता थायमेट. हे फोरेट नावाचं कीटकनाशक, त्याच्यावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. तरी कोणाच्या ना कोणाच्या कोठ्यात जुनी पुडी निघतेच. मेलेल्या बकरीवर विष टाकलं तर ते खायला कोण येईल, हे टाकणाऱ्याच्या हातात नसतं. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला उमरेड-करांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. आपलं जनावर मारलं या रागातून कोणी तरी मढ्यावर विष टाकलं होतं, असं तपासात पुढं आलं आणि अटकही झाली. शिवाय गिधाडं आहेत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधानं ती आधीच संपत आली, त्या औषधावर २००६ मध्ये बंदी घालावी लागली. आणि घरचं राखणीचं कुत्रं? ते तर सगळ्यात आधी मढ्याजवळ पोहोचेल. पावसात तेच विष वाहून बोडीत गेलं, की ढोरं पाणी तिथंच पितात.

मग करायचं काय? गावकुत्री वाढतात ती आयत्या खाण्यावर. फाट्यावर फेकलेली कोंबड्यांची आतडी, गावाबाहेर उघड्यावर टाकलेली मेलेली ढोरं. पूर्वी गिधाडं ती संपवायची, आता कुत्री संपवतात. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १२ लाखांवर मोकाट कुत्री मोजली गेली. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणं नसबंदी आणि रेबीजची लस ही ग्रामपंचायतीसह स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. ती पार पाडताना मी अजून कोणाला पाहिलं नाही. रानकुत्र्याच्या नावानं खापर फुटतं तेव्हा पंचायत सुटते, एवढं मात्र खरं.

कोठ्याचं म्हणाल तर तुराट्यांच्या कुडाला बाहेरून लोखंडी जाळी मारा आणि ती दीड-दोन फूट जमिनीत गाडा, कुत्रा खालून उकरून येतो. वरूनही झाका, कारण बिबट वरून येतो. चावा घेतलेली बकरी वाचली असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडं लसीसाठी न्या. धुताना हातात मोजे घाला.

काकांची सहावी बकरी वाचली. एक कान नाही, पण चरते. मागच्या ग्रामसभेत आम्ही दोन ठराव मांडले: मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या जनावरांनाही भरपाई मिळावी असं सरकारला लिहायचं, आणि मेलेली ढोरं पुरायला गावाबाहेर खड्डा करायचा. पहिल्यावर सगळे हात वर गेले. दुसऱ्यावर जागेवरून वाद झाला, शेवटी स्मशानापलीकडचा पडीत तुकडा ठरला. जेसीबी धान कापणीनंतर येणार आहे, कारण आत्ता बांध्यांतून जायला वाट नाही.