बगदाद एका आठवड्यात संपलं?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. खलिफा अल-मन्सूरचं गोल बगदाद पाचशे वर्षं जसंच्या तसं झगमगत होतं, १२५८ मध्ये मंगोल सरदार हुलागूने ते आठवड्याभरात मातीत मिळवलं, टायग्रिस नदी तिच्यात फेकलेल्या पुस्तकांच्या शाईने काळी झाली आणि शहर कायमचं संपलं. सोबत गोल तटबंदीचं रंगीत चित्र.

आधी त्या चित्राचं बघू. ७६२ मध्ये पाया घातलेलं हे चार दरवाजांचं शहर मुख्यतः उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचं होतं. अमीन आणि मामून या सावत्र भावांच्या खलिफापदाच्या भांडणात ८१२-१३ मध्ये वेढा पडला आणि त्याची वाताहत झाली. ८३६ मध्ये राजधानीच सामर्राला गेली, ती पन्नासेक वर्षं. राजवाड्यावरचा प्रसिद्ध हिरवा घुमट ९४१ मध्ये वादळी पावसात कोसळला. हुलागूचा आजोबा चंगीझखान जन्मायलाही तेव्हा दोनशेहून जास्त वर्षं होती!

अंदलुसियाचा (मुस्लिम स्पेनचा) प्रवासी इब्न जुबैर ११८४ मध्ये इथे आला. तो लिहितो, जुन्या शहराच्या बहुतेक खुणा गेल्या, उरलं ते नाव. नदीचा पश्चिम काठ, म्हणजे गोल शहराची बाजू, त्याला उजाड दिसला. नांदतं बगदाद पूर्व काठावर होतं, तिथे त्याने तीसेक मदरसे असल्याचं नोंदवलंय. मंगोलांच्या हाती पडलं ते हे बगदाद.

कत्तल झाली, लूट झाली, खलिफा मारला गेला. त्याबद्दल वाद नाही. पण ‘कायमचं संपलं’?

१३२७ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता बगदादच्या मुस्तनसिरिया मदरशात गेला. चार सुन्नी पंथांना तिथे चार स्वतंत्र दालनं होती. काळा पोशाख आणि पगडी घातलेले गुरुजी छोट्या लाकडी घुमटीत, गालिचा घातलेल्या आसनावर बसत. डावी-उजवीकडे एकेक मदतनीस, गुरुजींचं प्रत्येक वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणायला. इब्न बतूताने इब्न जुबैरचा मजकूर बिनदिक्कत उचलला आहे, त्यामुळे त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नये हे खरं. पण हा मदरसा १२३० च्या दशकातला. इब्न जुबैरने तो पाहिलाच नव्हता, मग हे वर्णन त्याच्याकडून उचलणार कसं?

राहिली शाईची नदी. पुस्तकं नष्ट झालीच. पण १२५९ मध्ये हुलागूच्याच पदरी असलेल्या नासिरुद्दीन तूसी या खगोलशास्त्रज्ञाने इराणमधल्या मराघ्यात वेधशाळा उभारायला घेतली, आणि तिच्या ग्रंथालयात बगदादहून आणलेली पुस्तकं होती असं जुने इतिहासकार सांगतात.