नकाशा, पाऊस आणि मी
पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे माणगावला जाताना दर पावसाळ्यात माझी हीच गत होते: हँडलला लावलेल्या मोबाइलच्या पडद्यावर थेंब पडले की तो त्यांनाच बोटे समजतो आणि नकाशा आपोआप सरकत भलत्याच जिल्ह्यात जाऊन पोहोचतो. गाडी कडेला घेऊन, ओला हातमोजा ओढून काढून पडदा पुसेपर्यंत वळण मागे पडलेले असते. उन्हाळ्यात हेच यंत्र तापून डोळे मिटते. चांदणी चौकात तर पुलावर चढायचे की खालून जायचे, हे नकाशातून बोलणाऱ्या बाई पूल चढून झाल्यावर सांगतात. शिवाय इंजिनाच्या सततच्या थरथरीने कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, ते वेगळेच (माझी बिघडलीच आहे). शेवटी टपरीवरच्या काकांनाच विचारावे लागते, आणि ते हातातला कप खाली न ठेवता हनुवटीनेच रस्ता दाखवतात.