पोट भरलेला खात नाही म्हणे!

'अमेरिका पुढे का? कारण तिथे पैशाला राजकारणात थारा नाही' अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या फिरतोय. शेवटी नेहमीप्रमाणे हात जोडलेले आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. एरवी असलं काही मी न वाचताच पुसून टाकते. पण आमच्या नानाकाकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर 'अगदी खरं' अशी पुस्ती जोडली. सरकारी नोकरीत टेंडरं बघता बघता ज्यांचे केस पांढरे झाले, त्या माणसाने हे लिहावं! म्हणून हा खटाटोप.

मजकुराचा सगळ्यात लाडका मुद्दा असा: 'तिथले नेते आधीच अब्जाधीश असतात. ज्याचं पोट भरलंय तो खात नाही. ट्रम्प तर पगारही घेत नाहीत.'

पहिल्या कारकिर्दीत ट्रम्प यांनी पगार दान केला, हे खरं. पण अब्जाधीशाने पगार सोडला याचं कौतुक आपल्यासारख्या पगारावर जगणाऱ्यांनाच. एलॉन मस्क घ्या. २०२४ च्या निवडणुकीत ट्रम्प आणि त्यांच्या पक्षासाठी या गृहस्थांनी २५ कोटी डॉलरहून जास्त ओतले. त्यांची स्पेसएक्स सरकारी कंत्राटांवर वाढलेली. नासाचे अंतराळवीर तिच्या यानातून जातात, लष्कराचे उपग्रह तिच्या रॉकेटवरून. निवडणूक जिंकल्यावर सरकारी खर्च छाटण्याच्या मोहिमेची सूत्रं मस्कच्याच हाती आली. त्या कात्रीत वाहनसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेतलीही माणसं गेली. मस्क यांच्याच टेस्ला गाड्यांच्या स्वयंचलित यंत्रणेची चौकशी करणारी संस्था तीच. पुढे दोघांचं फाटलं, तो भाग वेगळा. या सगळ्यात मस्कने सरकारी पगार किती घेतला, हा प्रश्न विचारण्यात काय अर्थ आहे?

आणि टेबलाखालून काही द्यावं लागतच नाही, हे बघायचं असेल तर औषधांचं प्रकरण बघा. मेडिकेअर ही ६५ वर्षांवरच्यांसाठीची सरकारी विमा योजना. तिच्यात गोळ्या-औषधं आणणारं विधेयक २२ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे प्रतिनिधीगृहात मताला आलं. असं मतदान साधारण पंधरा मिनिटांत उरकतं. विधेयक पडतंय असं दिसल्यावर ते पहाटे तीनपासून जवळजवळ सहापर्यंत उघडं ठेवलं, एकेका सदस्याला गाठून वळवलं, आणि २२० विरुद्ध २१५ मतांनी पास करून घेतलं. त्यात एक कलम होतं: औषधांच्या भावात सरकारने पडायचं नाही. म्हणजे एवढं मोठं गिऱ्हाईक, आणि त्याने घासाघीस करायची नाही! ते विधेयक रेटणाऱ्या एका समितीचे अध्यक्ष होते बिली टॉझिन. जानेवारी २००५ मध्ये हेच टॉझिन औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. पाकीट नाही, टक्केवारी नाही, सगळं कायद्यात बसणारं.

ती बंदी २०२२ च्या कायद्याने काही औषधांपुरती उठली, आणि पहिल्या दहा औषधांचे नवे भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. त्यातलं एक जानूविया, म्हणजे सिटाग्लिप्टिन. नानाकाका रोज सकाळी घेतात तीच मधुमेहाची गोळी. तिची महिन्याची छापील किंमत ५२७ डॉलर होती, सरकारने भाव केल्यावर ११३ झाली. छापील किमतीवर आधीही सूट-बिट मिळायची हे धरलं, तरी घासाघीस करून ठरलेला भाव लागू व्हायला बावीस वर्षं का लागली, याचं उत्तर 'पोट भरलेला खात नाही'वाल्यांनी द्यावं.

दुसरा मुद्दा, 'प्रत्येक देणगी उघड असते'. इथे मजकुराला अर्धा गुण द्यावा लागतो. उमेदवाराला थेट दिलेली देणगी २०० डॉलरच्या वर गेली की देणाऱ्याचं नाव, त्याचा व्यवसाय, तो कुठे काम करतो, हे सगळं निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. आपल्याकडे निवडणूक रोख्यांवर नावच नव्हतं; सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ते रद्द केले तेव्हा कुठे याद्या बाहेर आल्या. तेवढ्यापुरतं अमेरिकेचं बरं.

पण थेट देणगीला मर्यादा आहे, २०२४ मध्ये ती एका निवडणुकीला ३,३०० डॉलर होती. खरा पैसा त्या दारातून येतच नाही. जानेवारी २०१० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की उमेदवाराशी संगनमत न करता कंपन्यांनी कितीही खर्च करावा. त्यातून सुपर पॅक जन्माला आले, म्हणजे उमेदवाराला थेट पैसे न देता त्याच्यासाठी प्रचारावर हवा तेवढा खर्च करणाऱ्या समित्या. शिवाय काही ना-नफा संस्थांना देणगीदारांची नावं जाहीर करावीच लागत नाहीत. शिकागोचे उद्योगपती बार सीड यांनी आपली १६० कोटी डॉलरची कंपनी लेनर्ड लिओ यांच्या ट्रस्टला देऊन टाकली. लिओ म्हणजे उजव्या विचारांचे न्यायाधीश सुप्रीम कोर्टावर बसवण्यामागचं मोठं नाव. ही देणगी २०२१ ची, लोकांना कळली ऑगस्ट २०२२ मध्ये, तीही पत्रकारांनी खणून काढली म्हणून.

'ब्लूमबर्गने १०० कोटी डॉलर खर्चूनही तो हरला, म्हणजे पैशाने निवडणूक विकत घेता येत नाही.' हो, हरला. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी हा अब्जाधीश उतरला, आणि त्याच्या पदरात अमेरिकन सामोआ हा एकटा छोटा बेटांचा प्रदेश पडला. लोकांना न आवडणारा माणूस पैसा ओतून आवडता होत नाही, कबूल. पण उमेदवार निवडून आल्यावरचा दिवस बघा. २०१३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने नव्या खासदारांना दिलेलं आदर्श वेळापत्रक पत्रकारांच्या हाती लागलं: रोजचे चार तास देणगीदारांना फोन करण्यासाठी. सरकारी कार्यालयातून असे फोन करायला बंदी, म्हणून खासदार पक्षाच्या जागेत जाऊन बसतात आणि यादीवरचे नंबर फिरवतात. रोज चार तास ज्यांचं ऐकायचं, त्यांचंच म्हणणं डोक्यात बसणार.

'एक माणूस, एक मत, गरीब-श्रीमंत समान' यावर फार लिहित नाही. मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज या अभ्यासकांनी १९८१ ते २००२ मधले १,७७९ धोरणात्मक प्रश्न तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला: श्रीमंतांचं आणि संघटित उद्योगांचं मत बाजूला काढलं, तर सामान्य माणसाच्या मताचा धोरणावर स्वतंत्र असा परिणाम जवळजवळ शून्य. टीकाकार म्हणतात की बऱ्याच प्रश्नांवर श्रीमंतांचं आणि सामान्यांचं मत एकच असतं. असतं ना. सामान्य माणूस तेव्हाच जिंकतो, एवढाच मुद्दा आहे.

'आपला सुंदर पिचाई शपथविधीला मानाच्या जागी!' हो, २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या शपथविधीला गुगलचे हे प्रमुख पुढे, आणि होणारे मंत्री त्यांच्या मागे. समारंभाच्या निधीला गुगलने १० लाख डॉलर दिले होते.

मजकुराचा शेवट असा: 'आपल्याकडेही श्रीमंतांनाच तिकीट द्या, भ्रष्टाचार आपोआप थांबेल.' नानाकाका, २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी ५०४ जण करोडपती आहेत. हिशेब माझा नाही, त्यांच्याच प्रतिज्ञापत्रांवरून एडीआर या निवडणुकांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने काढलेला आहे. अजून कोणाला तिकीट द्यायचं राहिलंय?