दोन दिनार, आणि वर लागेल ते

योहान ३:१६ तोंडपाठ नाही असा ख्रिस्ती माणूस विरळाच. 'देवाने जगावर एवढी प्रीती केली...' यातलं 'एवढी' म्हणताना आपले हात आपोआप पसरतात. आभाळाएवढी, सागराएवढी. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'हूतोस' हा शब्द आहे आणि त्याचा नेहमीचा अर्थ 'अशा रीतीने' असा होतो. दोनच वचनं मागे जा. मोशेने रानात सर्प उंच केला 'तसेच' मनुष्याच्या पुत्राला उंच केलं पाहिजे, असं तिथे म्हटलंय, आणि त्या 'तसेच'च्या जागी हाच शब्द आहे. म्हणजे हे वचन प्रीती किती मोठी होती हे सांगायच्या आधी ती कशी केली हे सांगतं. दिलं. काय दिलं? एकुलता एक पुत्र.

एकदा हे लक्षात आलं की नवा करार वेगळा वाचला जातो. प्रीतीचा उल्लेख आला की अनेकदा पाठोपाठ देण्याची गोष्ट येते. 'ज्याने माझ्यावर प्रीती केली आणि स्वतःला माझ्याकरता दिले' (गलती २:२०). 'आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला' (रोम ५:८). यातला 'असतानाच' फार महत्त्वाचा. आधी सुधारा, मग बघू, असा व्यवहार तिथे नाही.

इथे एक गैरसमज बाजूला सारायला हवा, कारण तो व्यासपीठावरूनही ऐकू येतो. रागावलेला बाप, आणि मार खायला मध्ये पडलेला बिचारा मुलगा, असं चित्र वधस्तंभाचं रंगवलं जातं. येशू स्वतः म्हणतो, 'कोणी माझा प्राण माझ्यापासून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो' (योहान १०:१८). आणि प्रेषित पौल म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता (२ करिंथ ५:१९). किंमत मोजणारा देवच आहे. त्याने ती दुसऱ्या कुणावर ढकललेली नाही. हे नीट समजलं नाही तर पुढे फार वाईट शिकवण जन्माला येते. त्याकडे येतोच.

आता आज्ञेकडे. 'जशी मी तुमच्यावर प्रीती केली तशी तुम्हीही एकमेकांवर प्रीती करावी' (योहान १३:३४). येशू हिला 'नवी' आज्ञा म्हणतो. पण शेजाऱ्यावर प्रीती कर हे तर जुन्या करारातल्या लेवीय १९:१८ मध्ये शेकडो वर्षं आधीच लिहिलेलं होतं. मग नवं काय? माप. आधी माप होतं 'स्वतःवर करतोस तशी', आता झालं 'मी केली तशी'. आणि हे तो कधी बोलतो तेही पाहावं. त्याच रात्री कमरेला रुमाल बांधून त्याने शिष्यांचे पाय धुतले. त्याला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत तोपर्यंत उठून गेलेला नव्हता. त्याला विश्वासघाताचा घास देण्याचा प्रसंग त्यानंतरचा आहे. म्हणजे धुतलेल्या पायांत यहूदाचेही पाय होते.

जुनं म्हणून लेवीयचा तो अध्याय मात्र बाजूला ठेवू नका. 'शेजाऱ्यावर प्रीती कर' हे वाक्य तिथे एकटं लटकत नाही. आजूबाजूला काय काय आहे बघा. शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. वजनं-मापं खरी ठेवा. शेजाऱ्याचा मनात द्वेष धरण्यापेक्षा त्याची चूक त्याला तोंडावर सांगा. प्रीतीची व्याख्या कुठेच नाही, पण काय करायचं याबद्दल शंकाही उरत नाही. मजुरी संध्याकाळपर्यंत चुकती झाली की नाही, हे तपासता येतं. मनात प्रेम आहे की नाही, हे कसं तपासणार?

शोमरोनी माणसाचा दाखला (लूक १०) असाच हिशेबी नजरेने वाचून पाहावा. यरुशलेमाहून यरीहोकडे उतरणाऱ्या एका माणसाला लुटारू मारून टाकून देतात. याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे दोघे, त्याला पाहून निघून जातात. थांबतो तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका वाटणारा माणूस. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर, यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली. पंचवीस-तीस किलोमीटरांत हजार मीटरचा उतार, दोन्ही बाजूंना उजाड कडे आणि घळी. लुटारूंना याहून सोयीची जागा नाही, आणि ज्याला मारलंय तो अजून अर्धमेला आहे, म्हणजे मारणारे फार लांब गेले नसतीलही. याजक आणि लेवी 'दुसऱ्या बाजूने' निघून गेले ते निव्वळ दुष्टपणामुळे, असं मला वाटत नाही. थांबण्यात खरोखर धोका होता.

शोमरोनी थांबतो. 'त्याला कळवळा आला' यासाठी लूकने वापरलेलं ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेलं आहे. मराठीत आपण आतडं तुटलं म्हणतो, अगदी तसंच. पण आतडं तुटण्याला या गोष्टीत एकच शब्द मिळालाय. बाकी सगळी जागा कामाने खाल्ली आहे. जवळ गेला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. द्राक्षारस जखम धुवायला, तेल दाह शमवायला, त्या काळचा प्रथमोपचार हाच. जखमा बांधल्या. त्याला आपल्या जनावरावर बसवलं, म्हणजे स्वतः बहुधा पायी चालला. उतारशाळेत नेलं. रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले. मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे हे दोन दिवसांचे पैसे. आणि शेवटी म्हणाला, 'याहून अधिक काही खर्च झाला तर मी परत आल्यावर देईन.'

या शेवटच्या वाक्यावर प्रवचन क्वचितच होतं. शोमरोनी आपला प्रवास रद्द करत नाही. तो जखमीच्या उशाशी महिनाभर बसत नाही, त्याला घरी नेऊन पोसत नाही. जे त्यालाच करणं भाग होतं, कारण रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं, ते त्याने स्वतः केलं. जे दुसऱ्याला करता येण्यासारखं होतं ते त्याने दुसऱ्यावर सोपवलं. पण पैसे भरून सोपवलं, आणि परत येऊन हिशेब पुरा करण्याचा शब्द देऊन. रखवालदाराला 'तुम्हीही थोडी सेवा करा, देव तुम्हाला आशीर्वाद देईल' असं ऐकवलं नाही. दुसऱ्याच्या वेळेवर आणि दुसऱ्याच्या खर्चाने आपली दानत दाखवण्याची सवय मंडळ्यांमध्ये, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, फार आहे, म्हणून हे वाक्य अधोरेखित करतो.

सेवा करणारी माणसं काही महिन्यांत कोलमडतात त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. प्रीती कमी पडलेली नसते. सोपवायची पायरी गाळलेली असते. एका अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्यामागे एकच माणूस लागला की आधी त्याची झोप जाते, मग चिडचिड सुरू होते, आणि मग ती चिडचिड आजाऱ्यावर निघते. चौघांनी आठवड्याचे वार वाटून घेतले, औषधांच्या वेळा एका वहीत लिहिल्या, ती वही आजाऱ्याजवळच ठेवली आणि जाताना पुढच्याला दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं, की तेच काम वर्षभर चालतं.

नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब एक वाक्य सांगतो, ते आजही रोज ऐकू येतं. उघड्या-उपाशी माणसाला 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' (याकोब २:१६). आजचं त्याचं रूप 'काही लागलं तर नक्की सांगा'. बोलणारा खोटं बोलत नसतो, पण विचार करण्याचं, निवडण्याचं आणि मागण्याचं सगळं ओझं त्याने संकटातल्या माणसावर टाकलेलं असतं. दुःखात असलेल्या माणसाला नेमकं हेच जमत नाही. त्यापेक्षा ठोस बोला. 'बुधवारी संध्याकाळी मी येतो, दोन तास मुलांना सांभाळतो, तुम्ही झोपा. चालेल?' हो किंवा नाही एवढंच त्याला म्हणायचं राहतं. मृत्यू झालेल्या घरी पहिल्या आठवड्यात माणसांची रीघ असते. तिसऱ्या महिन्यात कुणी फिरकत नाही, आणि कागदपत्रांची धावपळ, रिकामी खोली, पहिला वाढदिवस हे सगळं तेव्हाच अंगावर येतं. त्या तारखा अंत्यविधीच्या दिवशीच कॅलेंडरात लिहून ठेवाव्यात. आणि गेल्यावर उपदेश नको. जुन्या करारातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री गप्प बसले होते, तोवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

पैशाबद्दल बोललं की काहींना प्रीतीचा विषय भ्रष्ट झाल्यासारखं वाटतं. पौलाला तसं वाटत नव्हतं. यरुशलेमातल्या गरीब विश्वासीयांसाठी त्याने वर्गणी गोळा केली, तिची रीत पाहा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवावं, मी आल्यावर धावाधाव नको (१ करिंथ १६:२). ज्याच्याजवळ जे नाही ते त्याच्याकडून अपेक्षित नाही (२ करिंथ ८:१२). दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओढाताण असंही नको, समानता हवी. खिन्न मनाने किंवा भाग पडतं म्हणून देऊ नका. आणि रक्कम घेऊन पौल एकटा जात नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघे भाऊ पाठवतो, आणि कारण उघड सांगतो: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी आम्हाला दोष लावू नये. ज्या मंडळीत दानपेटी एकच माणूस उघडतो, तोच मोजतो आणि तोच वहीत लिहितो, तिथे त्याच्यावर विश्वास दाखवलेला नसतो, त्याला मोहात ढकललेलं असतं.

प्रेषितांची कृत्ये ६ मधलं भांडणही असंच वाटपाचं. ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात डावलल्या जात होत्या. प्रेषितांनी 'एकमेकांवर प्रीती करा' असं पुन्हा एकदा सांगून विषय मिटवला नाही. सात माणसं निवडायला लावली. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही ग्रीक नावं. बहुधा ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती वाटप दिलं गेलं.

आणि आता ती वाईट शिकवण. 'प्रीती सर्व काही सहन करते' हे वचन नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ऐकवलं जातं. 'आपला वधस्तंभ उचल' हे राबवून घेतलेल्या, पगार थकलेल्या कामगाराला. ही वचनाची सरळ सरळ चोरी आहे. येशूने प्राण आपण होऊन दिला. कुणी हिसकावून घेतला तर त्याला त्याग नाही, लूट म्हणतात. त्याग फक्त स्वतःकडूनच मागता येतो, शेजाऱ्याच्या वतीने त्याग जाहीर करता येत नाही. शिवाय ज्या १ करिंथ १३ मधून ते वाक्य उचललं जातं, तिथेच त्याच्या लगेच आधी 'सत्याविषयी आनंद मानते' असंही आहे. आणि त्याआधी, तिसऱ्या वचनात, सर्व धन वाटून टाकलं, शरीरही दिलं, पण प्रीती नसेल तर काही लाभ नाही, असं म्हटलंय. पौलाच्या मते प्रीतीशिवाय त्याग शक्य आहे, म्हणजे त्याग दिसला की प्रीती असणारच असं गृहीत धरता येत नाही.

क्षमेचंही तेच. 'तुझ्या भावाने अपराध केला तर त्याचा दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर' (लूक १७:३). मत्तय १८ मध्ये पायऱ्याही आहेत: आधी एकांतात, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असेल तर मात्र पीडिताला एकट्याने त्या माणसासमोर बसवणं हा या वचनाचा उपयोग नव्हे. आधी पीडिताला सुरक्षित जागी हलवायचं आणि पोलिसांत जायचं. प्रतिष्ठा सांभाळण्यासाठी गप्प बसणारी मंडळी शेजाऱ्यावर नव्हे, स्वतःवर प्रीती करत असते.

शत्रूवर प्रीती हा विषय लोक भावनेच्या बाजूने धरतात आणि मग 'मला जमत नाही' म्हणून सोडून देतात. निर्गम २३:४-५ ची बाजू सोपी आहे. शत्रूचा चुकलेला बैल दिसला तर परत नेऊन दे. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर त्याला सोडवायला मदत कर. मनात काय वाटावं याबद्दल एक अक्षर नाही. बैल परत करताना दात-ओठ खाल्ले तरी बैल घरी पोचतो. ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याचं चुकून आपल्याकडे आलेलं पत्र वेळेवर पोचवणं, तो नसताना त्याच्याविषयी खोटं बोललं जात असेल तर 'तसं झालेलं नाही' एवढं म्हणणं, इथून सुरुवात करता येते.

त्या गाढवाच्या आज्ञेत मूळ हिब्रूत एक छोटा शब्द आहे, 'त्याच्याबरोबर'. ओझं दोघांनी मिळून उचलायचं. इसवी सन २०० च्या आसपास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातल्या शास्त्र्यांनी या एका शब्दावर बोट ठेवलं. गाढवाचा मालक बाजूला जाऊन बसला आणि म्हणाला, 'आज्ञा तुला आहे, तूच उचल', तर? तर तू मोकळा, कारण 'त्याच्याबरोबर' असं लिहिलंय. आणि लगेच पुढे: पण तो म्हातारा किंवा आजारी असेल, तर एकट्यालाही उचलावं लागेल.