‘महासंगणकावरील इंटर्नशिप’ विकणाऱ्या निरोपाला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर बरेच दिवस फिरणारा एक निरोप अखेर आमच्या कौटुंबिक गटातही येऊन पडला आणि मुलगी बीडला बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या बहिणीने पैसे कोणत्या खात्यावर भरायचे असे विचारले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. निरोपाचे म्हणणे थोडक्यात असे: संशोधन-संगणनातील इंटर्नशिप व फेलोशिप आयआयटीबाहेरच्या मुलांना मिळत नाहीत, त्यासाठी लाखभराचा ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप लागतो, ४,९९९ रुपये ‘नोंदणी शुल्क’ भरल्यास मात्र महासंगणकावरील इंटर्नशिप हमखास मिळते, आणि सरकारी संस्थाही शुल्क घेतातच.

पहिला दावा आयआयटीच खोडून काढते. शिक्षण मंत्रालयाच्या निधीवर चालणाऱ्या आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ या, शिक्षणात मुक्त संगणकप्रणालींचा वापर वाढवणाऱ्या प्रकल्पाची फेलोशिप कोणत्याही पदवीच्या, कोणत्याही महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला खुली असते आणि तिथे गुणांची अट नसते, हे प्रकल्पाने स्वतःच जाहीर केलेले आहे. आधी सायलॅब, ओपनफोम किंवा ईसिमसारख्या मुक्त, म्हणजे कोणालाही फुकट वापरता येणाऱ्या संगणकप्रणालीतील नेमून दिलेले काम करून दाखवायचे आणि त्या कामावरूनच निवड व्हायची, अशी पद्धत आहे. निरोप लिहिणाऱ्याने एवढे एक पान वाचले असते, तरी पुढचा मजकूर लिहिण्याची त्याला लाज वाटली असती. अर्धसत्य आहे ते इतकेच की, देशातील तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसारख्या ठिकाणी गुणपत्रिका आणि शिक्षकाचे शिफारसपत्र लागते, आणि ज्या महाविद्यालयात असे पत्र आजवर कोणी मागितलेलेच नाही, तिथली मुले मागे पडतात. ते मान्य करावेच लागेल.

लॅपटॉपचा दावा हास्यास्पद आहे. महासंगणकाशी काम करणारा विद्यार्थी एसएसएच या दूरच्या यंत्राशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या सोयीने त्याच्या प्रवेश-नोडवर, म्हणजे आत शिरण्यासाठी ठेवलेल्या संगणकावर जातो, किती कोअर (प्रक्रियकाचे गाभे) आणि किती वेळ हवा हे काही ओळींच्या स्क्रिप्टमध्ये लिहितो, ‘एसबॅच’ आज्ञेने काम स्लर्म या, कामांचे क्रम लावणाऱ्या प्रणालीच्या रांगेत लावतो आणि वाट पाहतो. आकडेमोड तिकडच्या यंत्रावर होते. इकडे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी उघडणारा जुना लॅपटॉप पुरतो.

खरे नुकसान करणारा दावा पैशांचा आहे. अशा ‘इंटर्नशिप’मध्ये प्रत्यक्षात काय मिळते ते भाचीच्या वर्गातल्या एका मुलाने दाखवले: पैसे भरताच, एकही प्रश्न न विचारता, निवडपत्र, मग ध्वनिमुद्रित व्हिडिओ, काम म्हणून गणकयंत्राचा आणि कामांच्या यादीचा प्रोग्राम, आणि शेवटी क्यूआर कोड छापलेले प्रमाणपत्र. महासंगणकाचे खाते नाही, मार्गदर्शक नाही, आणि आपला कोड कोणी उघडून पाहिला का, हे कळायला मार्ग नाही. याउलट मुक्त प्रणालींवर काम करायला देणाऱ्या, २००५ पासून चालणाऱ्या ‘गूगल समर ऑफ कोड’मध्ये अर्जाला पैसे पडत नाहीत, प्रस्ताव तपासला जातो, मार्गदर्शक नेमला जातो आणि काम पूर्ण केल्यावर मानधन विद्यार्थ्याला मिळते. पैसा कोणत्या दिशेने वाहतो, एवढे पाहिले तरी फरक कळतो.

उरला सरकारी शुल्काचा मुद्दा. सी-डॅक ही प्रगत संगणनातील सरकारी संस्था पदव्युत्तर पदविकेसाठी शुल्क घेते आणि तिच्या प्रवेशपरीक्षेसाठीही घेते, हे खरे. पण तो अभ्यासक्रम आहे आणि तो अभ्यासक्रम म्हणूनच सांगितला जातो.

हा धंदा फोफावतो आहे, त्यात महाविद्यालयांचाही हात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ऑन जॉब ट्रेनिंगला, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला श्रेयांक (क्रेडिट) आले, जागा त्या प्रमाणात आल्या नाहीत, आणि विभागप्रमुख समोर आलेल्या कागदावर शिक्का मारून मोकळे होतात. त्यांनी प्रमाणपत्रासोबत मार्गदर्शकाचे नाव, कोडच्या नोंदी आणि दहा मिनिटांची तोंडी परीक्षा सक्तीची केली, तर ४,९९९ रुपयांचा हा कागद विकत घ्यायला कोणी जाणार नाही.